सहा इंची लाकडी वाडगा: ठोकळ्यापासून पॉलिशपर्यंत, टप्प्याटप्प्याने

नव्याने लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलेल्यांचे वाडगे बहुधा तीन प्रकारे बिघडतात. कोरताना चकातून, म्हणजे लेथच्या जबड्यांच्या पकडीतून सुटतात, महिन्याभराने काठाला चीर जाते, किंवा पॉलिश चढल्यावर पोटावर गोल गोल ओरखडे दिसू लागतात. तिन्ही वेळा चूक जिथे दिसते तिथे झालेली नसते. सुटलेल्या वाडग्याचा टेनन, म्हणजे चकात धरायचा बुडाचा उंचवटा, चुकलेला असतो, चिरलेल्याचं लाकूड ओलं असतं आणि ओरखड्यांचं मूळ शंभर-दीडशे नंबरच्या पेपरवर केलेल्या घाईत असतं. म्हणून या लेखात हत्यार फिरवण्याइतकीच जागा तयारीला दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरणाला आंब्याचा वाडगा घेतला आहे: व्यास सहा इंच, उंची दोन-सव्वादोन इंच, भिंत पाच-सहा मिलिमीटर. शोभेचा वाडगा, म्हणजे सुकामेवा, किल्ल्या किंवा नुसताच टेबलावर ठेवायला. आंबा घेण्याचं कारण सोपं आहे. तो वखारीत स्वस्त मिळतो, बऱ्यापैकी मऊ असतो आणि त्यात तपकिरी-काळसर रेघा असतील तर रंग द्यायची गरजच उरत नाही. त्याचा दोष एकच: धार कमी पडली की रेषे उपसले जातात.

१. लाकूड निवडणं आणि सुकं आहे याची खात्री करणं

वखारीत तीन गोष्टी बघा. पहिली, गाभा. झाडाचा मधला गाभा ठोकळ्यात असेल तर तिथून चीर जाणारच, त्यामुळे गाभ्यापासून किमान दोन बोटं दूरचा तुकडा घ्या. दुसरी, कीड. आंब्याच्या लाकडाला पोखरणारी कीड लवकर लागते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि ठोकळा आपटल्यावर खाली पडणारी बारीक भुकटी दिसली तर तो तुकडा सोडा. तिसरी, टोकांच्या चिरा. आडछेदावर केसासारखी रेघ दिसत असेल तर ती संपेपर्यंत कापून टाका आणि उरलेला भाग पुरतो का ते बघा.

सुकं लाकूड म्हणजे साधारण दहा-बारा टक्के ओलावा. मॉइश्चर मीटर असेल तर ठोकळा मधोमध कापून आतल्या बाजूला टोचा, कारण बाहेरचा पापुद्रा नेहमीच सुका असतो. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ठोकळ्यावर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहा आणि आठवड्याने परत मोजा. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिलं तर तो ठोकळा तुमच्या घरच्या हवेपुरता सुकला. हे काम पावसाळ्यात करू नका. जुलैत कोकणातल्या घरात स्थिर झालेलं वजन मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उतरतं आणि त्या उतरण्यातच वाडगा चिरतो.

ओलंच लाकूड हाती असेल तर वाडगा दोनदा काता. पहिल्यांदा जाडसर, भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे सहा इंचाला पंधरा मिलिमीटर. टेननही गरजेपेक्षा मोठा ठेवा. बाहेरून, विशेषतः आडछेदांवर, पातळ केलेलं मेण लावा, वाडगा कागदी पिशवीत घाला आणि सावलीत ठेवा. वजन थांबेपर्यंत काही महिने जातात. तोवर तो अंडाकृती होतो, ते अपेक्षितच आहे. दुसऱ्यांदा कातताना तो पुन्हा गोल येतो, फक्त आधी टेनन सरळ करून घ्यावा लागतो.

*सावधान:* उन्हात ठेवून किंवा ओव्हनमध्ये घालून सुकवण्याची घाई करू नका. बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला तसाच राहतो आणि चीर काठापासून बुडापर्यंत जाते.

२. ठोकळा आखणं आणि गोल करणं

साठ-पासष्ट मिलिमीटर जाडीची फळी घ्या. रेषा फळीच्या लांबीत, आडव्या जायला हव्यात. ओंडक्याचा उभा तुकडा घेऊन त्याच्या आडछेदात वाडगा कोरायला सुरुवातीला जाऊ नका, ती पद्धत वेगळी आणि हत्यारंही वेगळी.

कंपासने एकशे साठ मिलिमीटरचं वर्तुळ काढा. मध्यबिंदू पोगराने ठळक करा, पुढे दोनदा तोच लागणार आहे. बँडसॉ नसेल तर हातकरवतीने कोपरे उडवून अष्टकोन करा, तेवढं पुरतं. चौकोनी ठोकळा तसाच लेथवर चढवू नका. कोपरे हत्याराला आपटतात आणि तोल इतका बिघडतो की लेथ चालायला लागतो.

३. धार

लागणारी हत्यारं मोजकीच आहेत: दहा किंवा बारा मिलिमीटरचा बोल गाऊज (वाडगे कातायचं पन्हळीचं हत्यार), एक पार्टिंग टूल (खाच पाडायचं अरुंद हत्यार) आणि गोल तोंडाचा जाड स्क्रेपर (खरवडायचं हत्यार). स्पिंडल रफिंग गाऊज (लांब दांडे गोल करायचं रुंद हत्यार) वाडग्याला वापरायचा नाही. त्याचा मागचा चपटा दांडा झटक्याने मोडतो.

गाऊजची बेव्हल, म्हणजे धारेमागची घासलेली उतरती बाजू, पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास ठेवा. ग्राइंडरवर घासण्याआधी बेव्हलवर मार्करने काळं करा आणि चाक हाताने फिरवून बघा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी निघाली तर कोन बरोबर. फक्त टोकाला निघाली तर कोन बदलतो आहे, हात सरकवा.

*तपासणी:* दिव्याखाली धार आपल्याकडे वळवून बघा. जिथे धारेवर पांढरी रेघ चमकते तिथे ती गेलेली आहे. धारदार कडेवर प्रकाश अडकत नाही.

एका वाडग्यात किमान तीनदा धार लावा: बाहेरचा शेवटचा हात मारण्याआधी, आतून कोरायला सुरुवात करताना आणि आतल्या शेवटच्या हाताआधी. "अजून चालतंय" म्हणून ओढलेल्या हत्याराचा हिशेब सँडिंगला चुकवावा लागतो.

४. लेथवर चढवणं आणि वेग

फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने धरणारी लेथची चकती) ठोकळ्याच्या वरच्या, म्हणजे ज्या बाजूने वाडगा कोरला जाणार त्या बाजूला लावा. स्क्रूची भोकं कोरताना आपोआप जातील, फक्त ती काठाच्या पुरेशी आत आहेत ना ते बघा. साध्या लाकडी कामाचे जाड स्क्रू वापरा, किमान चार, लाकडात वीस मिलिमीटर तरी जाणारे. काळे ड्रायवॉल स्क्रू ठिसूळ असतात, आडव्या झटक्याला त्यांची मान तुटते. टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) पुढे आणून बुडाच्या मध्यबिंदूवर टेकवा आणि शक्य तितका वेळ तसाच राहू द्या.

वेगाचा ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर सहा ते नऊ हजारांच्या मध्ये. सहा इंचाला हजार ते दीड हजार फेरे. पण हा तोल साधलेल्या, गोल झालेल्या तुकड्याचा वेग आहे. ओबडधोबड ठोकळा चारशे-पाचशेवर सुरू करा. पट्ट्याच्या पुलीचा लेथ असेल तर सगळ्यात खालच्या पायरीवर. गोल होईल तसा वेग चढवा.

सुरू करण्याआधी दर वेळी:

- ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, तो टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) लागता कामा नये.
- चकाची किल्ली काढून बाजूला ठेवा.
- फेस शील्ड आणि चांगला मास्क घाला. आंब्याचा चीक काहींच्या त्वचेला आणि शिसवाची धूळ श्वासाला त्रास देते.
- हातमोजे नकोत, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी नको.
- स्विच दाबताना ठोकळ्याच्या समोर न राहता बाजूला उभे राहा.

लाइट गेली तर आधी स्विच बंद करा, मगच लेथपासून हला. वीज परत येते तेव्हा हत्यार लाकडाला टेकलेलं असतं हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

५. बाहेरची बाजू

हत्यार टेकवण्याचा क्रम कायम हाच: आधी दांडा टूल रेस्टवर, मग बेव्हल लाकडावर घासू द्या, काप पडत नसला तरी चालेल, आणि मग मूठ हळूच उचला म्हणजे धार लाकडात शिरते. धार आधी आणि बेव्हल नंतर, असं उलटं झालं की हत्यार अडकून झटका बसतो.

बाहेरून कापायचं ते बुडाकडून काठाकडे, लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे. आडव्या रेषांच्या लाकडात असं कापल्याने प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो आणि तो तुटतो, उपसला जात नाही. उलट्या दिशेने कापाल तर समोरासमोरच्या दोन जागी लाकूड खरबरीत होईल.

आकाराबद्दल फार नियम नाहीत. बूड व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ठेवा, म्हणजे दोन इंच, आणि तिथून काठापर्यंत एकच अखंड वळण घ्या. नवशिक्यांच्या वाडग्यांत मध्येच एक सरळ पट्टा राहतो. लेथ थांबवा, डोळे मिटा आणि बोटं बुडापासून काठापर्यंत फिरवा. सपाट पट्टा डोळ्यांना चुकवतो, बोटांना नाही.

६. टेनन: इथे वेळ द्या

टेनन म्हणजे बुडाशी सोडलेला गोल उंचवटा, जो चकाचे जबडे पकडणार. वाडगा उडण्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. तो असा हवा:

व्यास तुमच्या चकाचे जबडे जवळपास पूर्ण वर्तुळात येतात तेवढा. साधारण पन्नास मिलिमीटरच्या जबड्यांना त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त. फार मोठा घेतला तर जबड्यांची फक्त टोकं रुततात आणि पकड आठ बिंदूंवर येते.

उंची पाच-सहा मिलिमीटर. टेननचं तळ चकाच्या तळाला टेकता कामा नये. वाडगा टेकायला हवा तो टेननच्या भोवतीच्या सपाट खांद्यावर. हा खांदा सपाट किंवा कणभर आत झुकलेला हवा, बाहेर फुगलेला अजिबात नको.

बाजू जबड्यांच्या आकारासारखी. जबडे तिरके असतील तर टेनन तिरका, सरळ असतील तर सरळ. आणि टेनन व खांदा जिथे मिळतात तो कोपरा पार्टिंग टूलच्या टोकाने टोकदार करा. तिथे गोलाई राहिली की जबडा त्या गोलाईवर चढतो आणि वाडगा खांद्यावर न टेकता तरंगत राहतो.

*तपासणी:* टेननवर लहान चीर, गाठ किंवा मऊ कुजका भाग आहे का ते टॉर्चने बघा. असेल तर तो उडवा आणि नवा काता, वाडगा सहा मिलिमीटर कमी उंचीचा झाला तरी चालेल.

टेननचा मध्यबिंदू पोगराने परत ठळक करा. शेवटी बूड कातताना टेलस्टॉक तिथेच येणार आहे.

बाहेरचा शेवटचा पातळ हात मारून झाला की बाहेरचं सँडिंग आत्ताच करा, फेसप्लेटवर असतानाच. चकात पलटल्यावर वाडगा केसभर का होईना डगमगतो आणि मग बाहेरून पुन्हा कातायचा मोह होतो. पेपर कसा लावायचा ते आठव्या टप्प्यात आहे, ते आधी वाचून घ्या.

७. आतून कोरणं

फेसप्लेट काढा, वाडगा चकात घट्ट धरा, खांदा जबड्यांना सगळीकडून टेकला आहे का ते बघा. अर्ध्या मिनिटाने चक पुन्हा आवळा, लाकूड दबतं. टेलस्टॉक लावता येईल तितका वेळ लावूनच ठेवा.

मध्यभागी ड्रिलने खोलीचं भोक पाडा. वाडग्याची एकूण उंची टेनन सोडून मोजा आणि तळासाठी आठ मिलिमीटर शिल्लक ठेवून बिटावर टेप गुंडाळा. हे भोक दिसेनासं झालं की थांबायचं. अंदाजाने खोली ठरवणाऱ्यांच्या वाडग्यांना बुडाला भोक पडतं.

आतून कापायची दिशा बाहेरच्या उलट, काठाकडून मध्याकडे. काठाशी सुरुवात करताना गाऊज कुशीवर आडवा धरा, पन्हळ मध्याकडे तोंड करून. पन्हळ वर ठेवली तर हत्यार काठावरून बाहेर घसरतं आणि काठावर वळ्यांची रेघ ओढतं. भीती वाटत असेल तर पार्टिंग टूलने दोन मिलिमीटरची खाच पाडा आणि बेव्हल तिला टेकवा.

आता या लेखातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बहुतेक जण आधी मधलं सगळं लाकूड काढतात आणि मग काठापासून बुडापर्यंत भिंत बारीक करत आणतात. हा क्रम चुकीचा आहे. मधलं लाकूड गेलं की काठाला आधार उरत नाही, भिंत हत्याराखाली थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. शिवाय सुकं लाकूडही मोकळं झाल्यावर थोडं हलतं, त्यामुळे काठ गोल राहत नाही. तेव्हा असं करा:

- वरचा पंचवीस मिलिमीटरचा पट्टा आधी कोरा आणि थेट शेवटच्या जाडीला, पाच-सहा मिलिमीटरला, आणा. मध्ये लाकडाचा सुळका राहू द्या.
- जाडी कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. पटली की या पट्ट्याकडे हत्यार घेऊन परत यायचं नाही.
- पुढचा पंचवीस मिलिमीटरचा पट्टा. त्याचीही तीच शेवटची जाडी.
- मग तळ. मधला उरलेला सुळका टेलस्टॉक काढून हळूहळू कमी करा. अगदी मध्याशी लाकडाचा वेग जवळपास शून्य असतो, तिथे हत्यार दाबू नका, नाहीतर मध्ये टेंगूळ किंवा खड्डा राहतो.

हात मारताना आवाज ऐका. जाड भिंतीचा आवाज भरीव असतो, पातळ होऊ लागली की तो चढतो. किणकिणायला लागला तर लेथ थांबवून मोजा.

तळाच्या वळणावर स्क्रेपर वापरायला हरकत नाही, मूठ वर आणि धार किंचित खाली झुकलेली. काठाजवळच्या पातळ भिंतीवर मात्र स्क्रेपर नको, तिथे तो किंचाळतो आणि भिंत फोडतो.

८. सँडिंग

पॉलिश पेपर उपसलेले रेषे बुजवत नाही. तो फक्त लाकूड झिजवतो, आणि खड्डा जाईपर्यंत शेजारचं लाकूड झिजवलं तर वाडगा वाकडा होतो. टॉर्च आडवी धरून बघा. खरबरीत जागा दिसल्या तर धार लावून एक पातळ हात परत मारा. मगच पेपर.

क्रम असा: १२०, १८०, २४०, ३२०, ४००. एकही नंबर गाळू नका. १२० चा ओरखडा २४० ने झिजत नाही, फक्त झाकला जातो आणि पॉलिशच्या ओलाव्यात पुन्हा वर येतो. वेग कातण्याच्या वेगाच्या निम्मा ठेवा. पेपर थांबू देऊ नका, बोटाला चटका बसत असेल तर तेवढाच लाकडाला बसतो आहे आणि आडछेदावर उष्णतेच्या बारीक चिरा पडतात. पेपर बोटांना गुंडाळायचा नाही, नुसता तीन घड्या करून धरायचा, आणि वाडग्याच्या आत मध्याच्या खाली डावीकडे, घड्याळातल्या सात-आठ आकड्यांच्या जागी लावायचा, म्हणजे तो हाताकडे ओढला न जाता खाली जाईल.

प्रत्येक नंबरानंतर:

- लेथ थांबवा, कापडाने धूळ पूर्ण पुसा. मागच्या पेपरचा एक कण अडकला तरी तो नवा ओरखडा पाडतो.
- थांबलेल्या वाडग्यावर त्याच पेपरने रेषेच्या दिशेत हाताने घासा. गोल ओरखडे यानेच जातात.
- समोरासमोरच्या त्या दोन आडछेदी जागा बघा. त्यांना जास्त वेळ लागतो, आणि तो हातानेच द्यायचा, लेथ फिरवून नव्हे.

२४० नंतर ओलसर फडक्याने वाडगा पुसा आणि सुकू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० ने काढा. ४०० झाल्यावर स्पिरिट लावून बघा. स्पिरिट उडून जाईपर्यंतच्या काही सेकंदांत पॉलिशखाली जे दिसणार ते सगळं दिसतं. ओरखडा दिसला तर ज्या नंबरचा वाटतो तिथपर्यंत मागे जा.

९. पहिला थर आणि बूड

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवा: शंभर मिलिलिटर स्पिरिटला बारा ग्रॅम चपडी, काचेच्या बरणीत, रात्रभर. विस्तवाजवळ नाही. सकाळी सुती कापडातून गाळा. जुनं द्रावण वापरायचं असेल तर काचेवर थेंब टाका, तासाभराने नखाला चिकटत असेल तर फेका, ते वाडग्यावरही सुकणार नाही.

लेथ बंद ठेवून, मऊ फडक्याने आतून-बाहेरून पातळ हात द्या. सुकल्यावर ४०० ने हलकेच उतरवा. फिरत्या वाडग्याला कापड कधीही लावू नका, कापड लपेटलं जातं आणि बोटं सोबत जातात. फिरताना लावायचंच असेल तर टिश्यू पेपर, जो ओढला गेला की फाटतो.

आता बूड. वाया गेलेला लाकडाचा गोल तुकडा चकात धरून त्याचं तोंड वाडग्याच्या आतल्या वळणासारखं गोलसर काता, वर पातळ फोमचा तुकडा ठेवा. वाडगा त्यावर पालथा घाला आणि टेननवरच्या मध्यबिंदूवर टेलस्टॉक टेकवा. दाब बेताचा, वाडगा फिरेल आणि घसरणार नाही इतकाच. टेनन हळूहळू कातून काढा, मध्ये बोटाच्या टोकाएवढा खुंट राहू द्या. बूड मध्याकडे किंचित खोलगट करा म्हणजे वाडगा फक्त बाहेरच्या कडीवर टेकेल. लेथवरून उतरवून खुंट पटाशीने तासा, पेपर मारा.

*तपासणी:* वाडगा काचेवर ठेवून काठावर बोट दाबा. डुलला तर कडी एका बाजूला उंच आहे. काचेवर १८० चा पेपर पसरून त्यावर वाडगा गोल गोल फिरवा.

१०. शेवटचं पॉलिश

दोन मार्ग आहेत, एकच निवडा.

चमक हवी तर चपडीच: या वेळी शंभर मिलिलिटरला चोवीस ग्रॅम. पातळ तीन-चार हात, प्रत्येकात दोन तासांचं अंतर, शेवटच्यानंतर पूर्ण दिवस थांबा आणि वर मधमाशांच्या मेणाचा पातळ हात देऊन घासा. हे पावसाळी हवेत करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरट झाक येते. तशी आली तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की बहुधा जाते. चपडीवर गरम भांडं किंवा अत्तर-सॅनिटायझर ठेवता येत नाही, डाग पडतो.

लाकडाचा स्पर्श हवा तर डबल बॉइल्ड जवसाचं तेल. या मार्गाला नवव्या टप्प्यातला चपडीचा थर गाळा, नाहीतर तेल आत जाणार नाही. सढळ लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, एक दिवस थांबा. असे तीन हात. पुसायचं राहिलं तर वाडगा आठवडाभर चिकट राहतो.

चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखी रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून वितळवायची असेल तर आंबा योग्य नाही, त्याची छिद्रं मोठी. तिथले कारागीर जे वापरतात ते काळ्या कुड्याचं घट्ट, पांढरट लाकूड शोधा.

*सावधान:* तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या, मग टाका.

तयार वाडगा पहिले दोन-तीन आठवडे एसीच्या झोतात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसला तर लगेच कोरडा करा. चमक मंदावली की मेणाचा एक हात पुरतो, पॉलिश परत चढवायची गरज नसते.